स्कोअर १६ वरून १२ : फरक पडला म्हणायचा का?

प्रश्न : आईला (वय ६२) नैराश्यासाठी गोळ्या सुरू आहेत. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचा स्कोअर सुरुवातीला १६ होता, पाच आठवड्यांनी १२ आला. तरी डॉक्टरांनी डोस वाढवला. तिला थायरॉइडही आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी नैराश्य मोजणाऱ्याच हॅमिल्टन स्केलवर १४ काढला. म्हणजे पुन्हा वाढला का? – एक वाचक, सातारा

उत्तर : या प्रश्नावलीत नऊ प्रश्नांना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात. एकूण २७ पैकी १० ते १४ म्हणजे मध्यम, १५ ते १९ म्हणजे मध्यम ते तीव्र. आईंचा गट बदलला खरा, पण गट तर १५ चे १४ झाले तरी बदलतो. उतार किमान पाच गुणांचा हवा. स्कोअर निम्म्यावर (इथे ८) आला, तर औषध लागू पडलं असं मानतात. ५ च्या खाली गेला, तर लक्षणं ओसरली. पाच आठवड्यांत चारच गुण उतरले असतील आणि गोळ्या चुकत नसतील, तर डोस वाढवणं रास्तच.

आता १२ ची फोड पाहा. झोप, थकवा, भूक, एकाग्रता, मंदावलेली हालचाल हे नऊपैकी पाच प्रश्न थायरॉइडमुळेही वर जातात. बहुतेक गुण तिथलेच असतील, तर ते वजा करू नका. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासायला सांगा. पहिल्या दोन प्रश्नांना (कशात रस न वाटणं, उदास वाटणं) अजून २-२ असतील, तर मात्र सगळं थायरॉइडवर ढकलता येणार नाही.

फॉर्म भरताना हमखास होणारी चूक : इथे त्रास किती झाला हे विचारलेलं नसतं, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झाला हे विचारलेलं असतं. दोनच रात्री झोप उडाली, पण हाल फार झाले, म्हणून लोक ३ देतात. तिथे १ हवा. ३ म्हणजे जवळजवळ रोज.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. मुलगा-सून शेजारी बसलेले असले की उत्तर शून्यच येतं, म्हणून तो आईंना एकटीला विचारलेला बरा. तिथे १ जरी आला तरी एकूण बेरीज बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

हॅमिल्टनचं विचाराल तर नाही, वाढलेला नाही. ते स्केल डॉक्टर स्वतः मुलाखत घेऊन भरतात आणि १७ प्रश्नांच्या आवृत्तीत कमाल गुण ५२ असतात. तिथल्या १४ ची तुलना हॅमिल्टनच्याच पुढच्या स्कोअरशी करा.