‘मामाने विहिरीत ढकललं होतं. आता पोहायला शिकता येईल?’

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंदिरानगरला राहते. वय 44, एका खाजगी कंपनीत हिशेब बघते. गेल्या मे महिन्यात पोहण्याचा क्लास लावला आणि पाचव्या दिवशी सोडला. लहानपणी निफाडकडच्या आजोळी मामाने गंमत म्हणून मला विहिरीत ढकललं होतं. लगेच काढलं, पण नाकात गेलेलं पाणी आणि कपाळात उठलेली कळ मी विसरले नाही. क्लासमध्ये सरांनी पाण्यात डोकं घालायला सांगितलं आणि तीच कळ पुन्हा उठली. शिवाय कॉश्च्यूम घालून चेंजिंग रूमपासून तलावापर्यंत चालत जाणं जिवावर येतं. चष्म्याचा नंबर उणे 5 आहे. तो काढला की सर कुठे उभे आहेत तेच कळत नाही. पाळीचे चार दिवस वेगळेच. माझी 16 वर्षांची मुलगी छान पोहते. ती म्हणते, ‘आई, मी शिकवते.’ तिच्याकडून शिकू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नुसतं ‘भीती वाटते’ म्हणणारीला मदत करणं अवघड जातं. तुम्ही कुठे काय अडलं ते एकेक करून लिहिलंत, त्यामुळे मलाही एकेक करून सांगता येईल.

नाकापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमचं सगळं तिथे अडलंय. आपल्या नाकाच्या आतल्या ओलाव्यात मीठ असतं, विहिरीच्या किंवा तलावाच्या पाण्यात तेवढं नसतं, म्हणून ते पाणी झोंबतं. जलनेतीच्या, म्हणजे नाक धुण्याच्या, पाण्यात मीठ घालतात ते याचसाठी. तेव्हा ती कळ म्हणजे तुमचा भित्रेपणा नव्हे, ती कोणालाही येते. आणि नाकातून हवा बाहेर येत असेल तोवर पाणी आत शिरत नाही. तुम्हाला भ्रामरी येत असेलच. ओठ मिटून ‘म्’चा गुंजार करायचा, की हवा नाकातूनच बाहेर पडते. बस, एवढंच पाण्यात करायचं आहे.

क्लास पुन्हा लावण्याआधी दहा दिवस हे घरी करा. रुंद तोंडाचं मोठं पातेलं स्टुलावर ठेवा. त्यात उकळून कोमट केलेलं पाणी, आणि पहिले तीन-चार दिवस लिटरला सुमारे 9 ग्रॅम, म्हणजे दीड-दोन सपाट चहाचे चमचे मीठ. या पाण्याने झोंबत नाही. तोंडाने श्वास घ्या, गुंजार सुरू करा आणि मग चेहरा खाली न्या. आधी ओठ, मग नाकाचा शेंडा, मग कपाळ. नाकाजवळ बुडबुडे फुटताना गालाला गुदगुल्या होतील. आता खरी मेख ऐका. वर येताना नाक पाण्याबाहेर निघेपर्यंत गुंजार थांबवायचा नाही. बहुतेक बायका आत जाताना बरोबर करतात आणि वर येता येता घाईने श्वास ओढतात. पाणी शिरतं ते त्या क्षणी. पाचव्या दिवसापासून मीठ बंद करा, शेवटचे दोन दिवस पाणी गार घ्या.

मी स्वतः 39व्या वर्षी पोहायला शिकले. माझी अडचण नाकाची नव्हती, हाताची होती. तलावाच्या कडेचा पाइप सुटायचाच नाही. बोटांची पेरं पांढरी पडायची, खांदे कानापर्यंत चढायचे. अकराव्या दिवशी सुटला, तोही शिकवणाऱ्या बाईंनी मला आधी उभं राहायला शिकवलं म्हणून. पालथं तरंगत असताना दोन्ही गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचं, डोकं वर, पाय खाली. कंबरभर पाण्यात मी हे वीस-पंचवीस वेळा केलं. हवं तेव्हा उभी राहता येतं हे शरीराला पटलं आणि हात आपोआप सैल झाले. हात-पाय मारायला शिकवण्याआधी हे शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या सरांनी शिकवलं नसेल तर मागून घ्या.

विहिरीचं म्हणाल, तर तिथे तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून पहिल्या दिवशीच सरांना स्पष्ट सांगा : ‘लहानपणी मला ढकललं होतं. मला ढकलायचं नाही, डोक्याला हात लावायचा नाही. मी माझी तीन आकडे मोजून खाली जाईन.’ जाणता शिक्षक हे ऐकतो. जो हसण्यावारी नेईल त्याच्याकडे शिकू नका, फी भरलेली असली तरी.

कॉश्च्यूमबद्दल ‘कोणी बघत नाही’ असं मी सांगणार नाही. पहिल्या दिवशी बघतात. पण पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे मिळतात, पॉलिस्टर-लायक्राचेच घ्या. सुती सलवार पाणी पिऊन जड होते आणि पायांत गुंडाळते. कापड ओलं झालं की थोडं सैलावतं, म्हणून दुकानात अंगाशी नीट बसतात तेच निवडा आणि घरी ते घालून खाली बसून, हात वर करून बघा. वरून गाऊन घालून तलावाच्या काठापर्यंत या, तिथेच काढून ठेवा. मग उरतात पायऱ्या, आणि त्या उतरलात की छातीपर्यंत पाणी. महापालिकेचा त्र्यंबक रोडवरचा सावरकर तलाव किंवा नाशिकरोडचा राजमाता जिजाऊ तलाव, जो जवळ पडेल तिथे आधी नुसतं चौकशीला जा. महिलांची वेगळी वेळ आहे का, त्या वेळी शिकवायला बाई असतात का, उथळ भाग किती खोल आहे, एवढं विचारा. मे महिन्यात मात्र जाऊ नका. सुट्टीतल्या मुलांची गर्दी असते, धड उभं राहायला जागा नसते. फेब्रुवारी संपता संपता ऊन चढलेलं असतं आणि मुलं परीक्षेत असतात, तो काळ तुमच्यासाठी उत्तम.

चष्म्याला उपाय सोपा आहे. नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात. सिलिंडर नंबर बहुतेक त्यांत नसतो, पण उणे साडेचार किंवा 5चा घेतलात तरी सर आणि काठ स्पष्ट दिसतील. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाण्यात उतरू नका. पाण्यातले जंतू, अमीबासुद्धा, लेन्सखाली अडकून बुबुळाला इजा करतात. केसांना तेल लावून जाऊ नका. आधी शॉवरखाली केस भिजवून टोपी घाला. स्वच्छ पाण्याने भिजलेला केस तलावाचं पाणी कमी शोषतो.

पाळीत पॅड पाण्यात चालत नाही, आत बसवायचा टॅम्पॉन किंवा पाळीचा कप लागतो. कप वापरायचा असेल तर दोन महिने घरी सवय करा. नको असेल तर चार दिवस सुट्टी घ्या, त्याने काही बिघडत नाही.

घरचे कोणी ‘क्लास कशाला, नदीवर चल’ म्हणाले तर ठाम नाही म्हणा. गोदेला पाणी चढलं की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं ते विचारणारे आपण नाशिककर. धरणातून पाणी सोडलं की नदी कशी पालटते ते आपल्याला सांगायला नको. शिवाय घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळं. शिकण्याची जागा ती नव्हे.

राहिली मुलगी. पहिला महिना तिच्याकडून शिकू नका. तिला पाणी कधी परकं वाटलंच नसेल, त्यामुळे तुम्ही कुठे अडखळता ते तिला दिसणार नाही, आणि तिच्यासमोर घाबरायचं नाही म्हणून तुम्ही श्वास रोखून धराल. पण पातेल्यापाशी तिला जरूर बसवा. गुंजार किती सेकंद टिकला ते ती मोबाइलवर मोजेल. दहाव्या दिवशी तो आकडा मला कळवा.