बोलिंग ग्रीनला येतोयस, तर घर पक्कं करण्याआधी हे वाच

तू विचारलंस, "ताई, जानेवारीत बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनला येतोय. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय, घेऊ का? टॉर्नेडो एप्रिल-मेमध्येच होतात ना?" किराणा आणि पाळणाघराचं नंतर सांगते. आधी हे.

एप्रिल-मेमध्ये जास्त होतात हे खरं, पण आमच्या गावावर आला तो डिसेंबरात. १० डिसेंबर २०२१, शुक्रवार. दिवसभर हवा विचित्र उबदार होती, स्वेटर नकोसा वाटत होता. शेजारच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला तर त्या दिवशी पारा २६ अंशांवर गेला. मेक्सिकोच्या आखातावरून दमट, गरम हवा वर येत होती, पश्चिमेकडून थंड हवा सरकत होती आणि वरच्या थरात वारे जोरात होते. हिवाळ्यात हे वरचे वारे फार वेगवान असतात, त्यामुळे वादळंही धावत येतात. त्यात अंधार लवकर पडतो, म्हणजे येणारं काही दिसत नाही.

त्या रात्री एका टॉर्नेडोने मेफिल्ड, प्रिन्स्टन, डॉसन स्प्रिंग्ज अशी गावं एकामागून एक झोडपली. सुमारे २६६ किलोमीटर तो जमिनीवरच होता. पुण्याहून निघून कोल्हापूर मागे टाकावं एवढा पट्टा! जवळपास तीन तास, आणि ५७ माणसं गेली. मेफिल्डच्या मेणबत्ती कारखान्यात रात्रपाळीला सुमारे ११० जण होते, त्यातले नऊ वाचले नाहीत. आमच्याकडे आला तो वेगळा, रात्री एकच्या पुढे. टॉर्नेडोच्या तीव्रतेच्या ० ते ५ या मोजपट्टीवर तो ईएफ-३. सतरा जण गेले, त्यात लहान मुलं बरीच. मॉस क्रीक अॅव्हेन्यूवर कुटुंबंच्या कुटुंबं गेली. आजही त्या बाजूने गाडी नेली की माझे हात स्टिअरिंगवर घट्ट होतात.

माझं माहेर श्रीवर्धन. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा दोन दिवस आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. आईने पत्र्यांवर दगड ठेवले, पाणी भरलं, शेजारच्या पक्क्या घरात गेली. टॉर्नेडोत तसा वेळ मिळत नाही. दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी नशीब समज. हवामान खात्याचे इशारे दोन: 'वॉच' म्हणजे हवा तशी आहे, सावध राहा. 'वॉर्निंग' म्हणजे रडारवर दिसलंय किंवा कुणी डोळ्यांनी पाहिलंय, लगेच लप. खिडकीशी जाऊन बघत बसायचं नाही.

आम्हाला जाग आली ती फोनच्या कर्कश आवाजाने. गावातला इशाऱ्याचा भोंगा मला ऐकूच आला नव्हता. तो बाहेर असलेल्यांसाठी असतो, बंद घरात झोपलेल्याला उठवायला नाही. म्हणून फोनवरचे सरकारी इशारे कधी बंद करू नकोस, आणि बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे देणारा) पलंगाशेजारी ठेव. आम्ही लेकीला बाथटबमध्ये बसवलं, वरून गादी घेतली. कान दडले, दिवे गेले, मालगाडी छपरावरून गेल्यासारखा आवाज आला. मिनिटभरात संपलं. नंतर मी अनवाणी बाहेर पडले आणि काच पायात गेली, कारण सपाता दाराशी होत्या आणि दार जागेवर नव्हतं. सकाळी थंडी कडाक्याची. झाडाच्या फांदीला पत्रा कापडासारखा गुंडाळलेला, आणि थंडी अडवायला छपरात भरलेला गुलाबी कापूस सगळीकडे चिकटलेला.

तर फ्लॅटचं. शक्यतो दुसरा मजला घेऊ नकोस. तळमजला बघ, आणि आत बिनखिडकीची जागा हवी: मधलं बाथरूम, कपड्यांची खोली, जिन्याखालची जागा. तळघर असेल तर उत्तमच, पण इथे खाली चुनखडीचा पोकळ दगड आहे, त्यामुळे तळघराची घरं हवी तेवढी मिळत नाहीत. (२०१४ मध्ये इथल्या कॉर्व्हेट संग्रहालयात जमीन खचून आठ गाड्या खड्ड्यात गेल्या, त्या याच दगडामुळे.) मोबाइल होम (कारखान्यात बांधून जागेवर आणून ठेवलेलं हलकं घर) कितीही स्वस्त मिळो, घेऊ नकोस.

त्या जागेत तिघांचे बंद बूट, मुलीचं सायकलचं हेल्मेट, टॉर्च आणि पाणी कायम ठेव. एका पिशवीत पासपोर्ट, व्हिसाची मूळ कागदपत्रं आणि मुलीचा जन्मदाखला. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचे कागद भिजले, ते परत मिळवताना महिने गेले. भाडेकरूचा विमा पहिल्या दिवसापासून घे. आमचा नव्हता. इमारतीचा विमा घरमालकाचा असतो, तुझ्या गादी-भांड्यांना तो लागू नाही, हे मला नुकसान झाल्यावर कळलं.

घाबरवायला लिहीत नाहीये. गाव चांगलं आहे, माणसं फार चांगली. त्या आठवड्यात अनोळखी लोकांनी आमच्या दारात गरम जेवण आणून ठेवलं. तू ये. फक्त भाडेकरार करण्याआधी फ्लॅटचा नकाशा मला पाठव, लपायची जागा कुठली ते बघून सांगते.