चायनीज बेकरीतले बन इतके स्वस्त कसे? शिळे असतात का? शाकाहारी माणसाने काय घ्यावं?

प्रश्न न्यू यॉर्कमधल्या फ्लशिंग या चिनी वस्तीबद्दल आहे, म्हणून लिहितोय. शिळे नसतात. स्वस्ताईचं कारण साधं आहे: गोड, मऊ कणीक एकच मळायची आणि तिच्यात दहा प्रकारची सारणं भरायची. वेटर नाही, ट्रे आणि चिमटा तुम्हीच उचलायचा, माल भराभर खपतो. दोन-तीन डॉलरला बन परवडतो तो त्यामुळे.

'स्वस्त म्हणजे शिळं' हे आमच्या दाजींचंही ठाम मत. डझनभर बन घरी नेले, रात्री फ्रिजमध्ये ठेवले आणि सकाळी 'बघ, दगड झालेत' म्हणून मलाच ऐकवलं. अहो, पाव फ्रिजमध्ये ठेवतं का कोणी? चार-पाच अंश सेल्सिअसला पिठातला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. लादी पावाचंही तेच होतं. मांस किंवा क्रीम नसलेले बन एक दिवस बाहेर झाकून ठेवा. जास्त असतील तर त्याच दिवशी पिशवीत घट्ट बांधून थेट फ्रीझरमध्ये टाका. अशा बनसाठी बऱ्याच ठिकाणी एक भाग पीठ पाच भाग पाण्यात साधारण 65 अंशांपर्यंत शिजवून ती खळ कणकेत घालतात. ती पाणी धरून ठेवते, म्हणून बन दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. याचाच अर्थ, बोटाने दाबून ताजेपणा कळत नाही.

कळतो तो पायनॅपल बनच्या पापुद्र्यावरून. यात अननस औषधालाही नसतो. साखर, मैदा आणि चरबी किंवा लोणी यांचा थर वर ठेवतात. खालची कणीक फुगते, थर ताणला जात नाही, तडकतो आणि अननसाच्या सालीसारखा दिसतो. तो कुरकुरीत असेल तर बन आजचा. प्लास्टिकच्या पिशवीत तासाभरात त्याला घाम सुटतो आणि तो चिकट होतो, म्हणून कागदी पिशवी मागा. घरी ओव्हनमध्ये 150 अंश सेल्सिअसवर चार-पाच मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये पापुडा मेलाच म्हणून समजा. वाफवलेल्या बनचं उलट: ओल्या कागदी रुमालात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये वीस-तीस सेकंद.

सकाळी जा. एग टार्ट, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डने भरलेली पारीची वाटी, कोमट मिळाला तर तिथेच उभ्याने खा, तो वाट बघत नाही. संध्याकाळी उरलेले बन कधी कधी पिशवीत भरून कमी दरात विकतात. ते घ्यायला हरकत नाही, फक्त पापुद्र्याची अपेक्षा ठेवू नका. आणि यात कमीपणा कसला? कॉकटेल बन तर 1950च्या दशकात हाँगकाँगमध्ये उरलेल्या पावातूनच निघाला असं सांगतात: पाव कुटायचा, साखर-खोबरं मिसळायचं, नव्या कणकेत भरायचं. आता सारण ताजं असतं. आपल्या खोबऱ्याच्या सारणाची सवय असलेल्याला पहिल्यांदा हाच द्यावा. ओळखायला सोपा: लांबट, वर दोन फिकट पट्टे, वर तीळ.

शाकाहाराचं आता सांगतो, खरं तर आधी सांगायला हवं होतं. गोल, चकचकीत बनमध्ये लाल चवळीसारख्या घेवड्याचं गोड पुरण असेल किंवा डुकराचं मांस. बाहेरून बऱ्याचदा सारखेच दिसतात, त्यामुळे पाटी वाचा, नसेल तर विचारा. पुरणात, टार्टच्या पारीत आणि वाइफ केकच्या (कोहळ्याचं गोड सारण भरलेल्या पदरी पेस्ट्रीच्या) पदरांत डुकराची चरबी असू शकते. वरची चमक अंड्याची. अंडंही चालत नसेल तर मांतोऊ, म्हणजे सारण नसलेला साधा वाफवलेला बन, विचारा, बाकी फारसं काही हाती लागणार नाही. चिमटा सगळ्यांचा एकच असतो, हे ज्यांना चालत नाही त्यांनी जाऊच नये.

सुटे पैसे न्या, काही ठिकाणी कार्ड घेत नाहीत.