नवरा बायकोला हिप्नोटाइज करणार म्हणे!

प्रश्न: ताई, मला सातवा महिना लागलाय, पहिलीच वेळ आहे. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, माहेर देवासचं. कळांचा विचार आला की रात्र रात्र झोप नाही. मैत्रिणीने हिप्नोबर्थिंगचं, म्हणजे संमोहनाची तंद्री आणि श्वास वापरून कळा सोसायच्या त्या पद्धतीचं सांगितलं, नवराही तयार आहे, रोज मोबाइलवर ऑडिओ लावतो. पण सासूबाई म्हणतात हा काय जादूटोणा, शुद्ध हरपली तर कळा कोण देणार, आणि आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच, तिथे जावयाचं काय काम. काय करू?

उत्तर: सासूबाईंना आधी हे सांगा की यात शुद्धबिद्ध काही हरपत नाही. पलासियावरून स्कूटीने घरी आलो आणि मधला एक सिग्नल आठवत नाही असं होतं ना कधी कधी, तेवढीच ती तंद्री, पण समोर गाय आली की ब्रेक बरोबर लागतो. डॉक्टरांनी हाक मारली की तुम्ही ओ देणार, उठून फेऱ्या मारणार, नको वाटलं की बंदही करणार.

कल्पना जुनीच आहे. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३० च्या दशकातच मांडलं होतं की भीती वाटली की अंग आवळतं, अंग आवळलं की दुखणं वाढतं, आणि दुखलं की भीती आणखी. पुढे १९८९ च्या सुमारास अमेरिकेत मेरी मोंगन यांनी संमोहन जोडून त्याचा कोर्सच केला. आता खरं सांगते, दुखणारच नाही असं कोणी म्हणत असेल तर पैसे परत मागा. २०१६ मध्ये कोक्रेनने, म्हणजे जगभरातलं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, ९ ट्रायलचा, जवळपास ३००० बायकांचा आढावा घेतला, त्यात संमोहन शिकलेल्या बायकांनी एकूण वेदनाशामक औषधं कमी घेतली, पण एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, घेणाऱ्यांच्या संख्येत फरक दिसला नाही. म्हणजे मदत होते, चमत्कार होत नाही. मधेच एपिड्युरल मागितलंत किंवा सिझेरियन झालं तर तुम्ही नापास झाला नाहीत, श्वास तिथेही कामाला येतो.

नुसता ऑडिओ लावून नवरा क्रिकेट बघत बसला तर उपयोग शून्य हं. रोज रात्री १५-२० मिनिटं त्याने स्वतः, हळू आवाजात बोलायचं. तुम्ही कुशीवर, पाठीला उशी, चार आकडे श्वास आत, सात-आठ बाहेर, आणि त्याचा हात तुमच्या खांद्यावर. त्याने तुमचा जबडा बघायचा. कळ आली की बाई दातावर दात धरते, खांदे कानाला लागतात, आणि तिला स्वतःला पत्ताच नसतो, तेव्हा त्याने खांद्यावरून हात खाली ओढत नेला की अंगाला आपोआप कळतं, कारण दोन महिने रोज तेच केलेलं असतं. बाकी कंबर दाबणं, पाणी देणं, लघवीची आठवण करणं, हेही त्याचंच.

आईंचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीत बाईच्या पसंतीचा माणूस सोबत असावा असं स्पष्ट आहे. आपल्या सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतीची परवानगी दिली, पण नवऱ्याला जिथे आडोसा असेल तिथेच, म्हणून तुमच्या हॉस्पिटलात आत्ताच विचारून ठेवा, ऐन वेळी दारात वाद नको. माझं मत विचाराल तर बाळंतपण इंदूरला करा आणि मग सव्वा महिना देवासला जाऊन आईच्या हातचे डिंकाचे लाडू खा, दोघींचा मान राहतो.

आणि रक्त गेलं, पाणी हिरवट गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यापुढे अंधारी आली, तर तंद्री-फिंद्री सोडा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. फिट किंवा मानसिक आजाराचा त्रास असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न: मी होणारा बाप, सुदामा नगर. बायकोला मी आत हवाय, पण रक्त बघून मला गरगरतं. लाज वाटते सांगायला.

उत्तर: लाजू नका, तिला सांगून टाका. तुमची जागा तिच्या डोक्याशी, तिथून तिचा चेहरा दिसतो, बाकी फारसं नाही. पहिलटकरणीला गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावरही बारा तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा उपाशी उभे राहू नका, पोहे-जिलबी जे मिळेल ते खाऊन घ्या, एक स्टूल मागून ठेवा, आणि गरगरलं तर सरळ खाली बसा, नर्सला एका वेळी दोन पेशंट नकोत.