कॅश क्रेडिट वाढवण्याआधी डिलिव्हरी चलनांचा ड्रॉवर उघडा

तुम्ही लिहिलंय की चार लेथ आहेत, सहा कामगार आहेत, कामाला नाही म्हणावं लागतं, तरी सात तारखेला पगाराला पैसे नसतात. मग बँकेकडून कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा वाढवून घेऊ का? माझं मत विचाराल तर दोन महिने थांबा. पैसे नेमके कुठे अडकलेत ते आधी बघा.

मी पुण्याजवळ भोसरीत बावीस वर्षं जॉबवर्क करतोय, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देतोय. अशीच वेळ माझ्यावर आली होती, आणि मी सगळा दोष पार्ट्यांना, म्हणजे काम देणाऱ्या कंपन्यांना, देत होतो. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तपासणीच्या टेबलाचा ड्रॉवर आवरायला घेतला, तर व्हर्नियरखाली (माप घ्यायच्या साधनाखाली) सतरा चलनं, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या चिठ्ठ्या, निघाली. तेलकट बोटांचे ठसे उमटलेली, पार्टीच्या स्टोअरचा शिक्का बसलेली. काही माल जाऊन तीन आठवडे उलटले होते आणि मी बिलच केलं नव्हतं! "महिनाअखेरीला एकदम करू" ही सवय. पार्टीचा अकाउंटवाला दिवस मोजतो ते बिल हातात पडल्यापासून. म्हणजे 45 दिवसांचे 65 मीच केले होते.

तेव्हापासून टेम्पो गेटाबाहेर पडला की त्याच दिवशी बिल. आणि पैसे आले की त्यातला जीएसटी लगेच वेगळ्या खात्यात. महिन्याचं रिटर्न असेल तर पुढच्या 20 तारखेला तो भरावाच लागतो, पार्टीने दिलेले असोत वा नसोत.

वसुलीचा फोन परचेसवाल्याला करू नका, तो गोड बोलतो आणि वेळ जातो. थेट अकाउंटला विचारा, "बिल पास झालं का?" निम्म्या वेळा उत्तर मिळतं की पीओ (परचेस ऑर्डर) नंबर चुकलाय किंवा दोन नग रिजेक्ट आहेत. हे चौथ्या दिवशी कळलं तर दहा मिनिटांत सुटतं. दोन महिन्यांनी कळलं तर भांडण होतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. रोजच्या पार्टीला नोटीस मात्र मी सहसा पाठवत नाही; बिलावरचा क्रमांक बघून त्यांचा सीए स्वतःच त्यांना आठवण करून देतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण विचारतो. घरखर्च गल्ल्यातून जातो का? जात असेल तर स्वतःला ठरलेला पगार लावा, कामगारांसारखाच, त्याच तारखेला. मुलांची फी, गावाकडचं लग्न, सगळं त्यातून. मला हे जमायला वर्ष लागलं, घरात वादही झाले. पण कामात पैसे सुटतायत की काम पैसे खातंय, हे त्यानंतरच कळायला लागलं.

येत्या सुट्टीला ड्रॉवर उघडा, बिल न झालेली चलनं मोजा आणि आकडा इथे लिहा. कॅश क्रेडिटचं मग बघू.