पुरात बुडूनही भाताचे काही वाण कसे जगतात?
पूर्ण बुडालेले साधारण भाताचे रोप पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी झपाट्याने उंच वाढते आणि त्यात साठवलेली शर्करा संपवून बसते, म्हणून पाणी ओसरल्यावर ते सावरत नाही. ओडिशातील एफआर१३ए या जुन्या वाणात मात्र २००६ मध्ये सब१ए हे जनुक सापडले, जे बुडालेल्या रोपाची वाढ रोखून धरते आणि ऊर्जा नंतरच्या फुटीसाठी राखते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ते संकराने ‘स्वर्णा’ वाणात आणले. २००९ मध्ये भारतात प्रसारित झालेला स्वर्णा-सब१ सुमारे दोन आठवडे बुडूनही पुन्हा उभा राहतो. माझ्या मते याचे मोठे श्रेय जुने वाण जपून ठेवणाऱ्यांना जाते. पाणी याहून अधिक काळ साचल्यास मात्र या जनुकावर विसंबता येत नाही.