नागपूर समुद्रापासून इतकं दूर, मग इथलं प्लास्टिक समुद्राच्या तळाशी कसं जाईल?

नदीवाटे. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. वाटेत गोसीखुर्द धरणाच्या गाळात बरंच अडकत असणार, सगळं नाही. प्लास्टिक तुटत-झिजत जातं; 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, ते बुडतंच. पिशवीचं पॉलिथिन आधी तरंगतं, पण त्यावर जिवाणू-शेवाळाचा थर चढला की तेही खाली जातं. मग तळाचे प्रवाह ते एका जागी गोळा करतात. इटलीजवळच्या समुद्रतळावर 5 सेंटिमीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरला असे 19 लाखांपर्यंत तुकडे आढळल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. बहुतेक कपड्यांचे धागे! तिथून ते उपसणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे अडवायचं ते इथेच, नाल्यांवर जाळ्या लावून, पिशव्या-बाटल्या अख्ख्या असतानाच.